सिग्नल गेला म्हणजे नक्की काय गेलं?

विमान उतरवायला शेवटचं वळण घेतलं आणि ते सरळ होईना. डावीकडे कललं होतं, तसंच कललेलं राहिलं. मी स्टिक उजवीकडे टोकाला नेली, मागे ओढली, अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबून धरली. विमानाला त्यातलं काहीच कळलं नाही. मोटरचा आवाज थांबला, नाक खाली गेलं आणि माळाच्या टोकाला, बाभळीच्या जरा अलीकडे, ते आदळलं.

दोनशे पावलं चालून तिथे पोचेपर्यंत सोबतच्या मंडळींचा निकाल तयार होता. "सिग्नल गेला. पलीकडे टॉवर आहे ना!" मलाही ते पटलं, कारण पुरावा माझ्या हातातच होता. मोडकं विमान उचलून स्टिक हलवली, तर एलेरॉन, एलेव्हेटर, रडर ही तिन्ही पाती निमूटपणे हलली. बॅटरीत जीव होता, रिसीव्हरचा दिवा लागलेला होता. यंत्र धडधाकट आहे, मग दोष हवेतच असणार. टॉवरला दोन शिव्या दिल्या आणि विमान पिशवीत भरलं.

रेडिओवर विमानं उडवणाऱ्यांच्या कुठल्याही मैदानावर गेलात तर हे वाक्य ऐकू येतं. विमान पडलं की सिग्नल गेलेला असतो, आणि सिग्नल गेला की इंटरफिअरन्स झालेला असतो. इंटरफिअरन्स म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी रेडिओलहरींनी आपल्या लहरींत केलेली घुसखोरी. या निदानाची मोठी सोय अशी, की गुन्हेगार अदृश्य असतो, तो परका असतो आणि त्याच्यावर खटला चालवता येत नाही. एके काळी हे निदान बऱ्याचदा खरंही असायचं. आज ते फार क्वचित खरं असतं. असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

चिमट्याचा जमाना

निकोला टेस्लाने 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदातली छोटी होडी रेडिओने चालवून दाखवली. छंदाच्या विमानाची पाळी यायला चाळीसएक वर्षं लागली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कलामाझू इथे वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 1937 मध्ये 'गफ' नावाचं विमान रेडिओवर उडवलं. ते विमान आज स्मिथसोनियनच्या हवाई आणि अवकाश संग्रहालयात आहे. गुड बंधूंच्या आकाशात त्यांच्याखेरीज दुसरं कुणी नव्हतं. खरी अडचण हा छंद पसरल्यावर सुरू झाली.

अमेरिकेत विमानांसाठी 72 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा ठरला, ब्रिटन आणि युरोपात 35 मेगाहर्ट्झचा. पट्ट्याचे बारीक बारीक चॅनल पाडलेले. अमेरिकेत 1991 पासून 20 किलोहर्ट्झ अंतरावरचे 50 चॅनल वापरात आले. प्रत्येक सेटमध्ये एक क्रिस्टल असायचा आणि तो सांगेल त्याच चॅनलवर सेट चालायचा. मैदानावर दोघांचा चॅनल एक निघाला, तर एकाने ट्रान्समीटर सुरू करताच दुसऱ्याचं विमान पडायचं. विमानाला दोन मालकांच्या हाका एकाच वेळी, सारख्याच जोरात ऐकू यायच्या आणि त्या गोंगाटात दोन्ही कळेनाशा व्हायच्या.

यावर क्लबांनी काढलेला तोडगा मात्र घरगुती होता: कपडे वाळत घालायचा चिमटा. मैदानावर एक फळी, तिच्यावर प्रत्येक चॅनलच्या नंबराचा एक चिमटा. तो चिमटा आपल्या अँटेनाला लागला असेल तरच ट्रान्समीटर सुरू करायचा. चिमटा फळीवर नसेल तर आपला चॅनल आकाशात आहे, गप्प बसायचं.

चिमट्यालाही न जुमानणारे प्रकार होते. शेजारशेजारच्या चॅनलवरचे दोन ट्रान्समीटर एकमेकांना चिकटून उभे राहिले, तर त्यांच्या लहरींच्या मिश्रणातून तिसरीच लहर तयार होते आणि ती नेमकी त्यापुढच्या चॅनलवर पडते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ ही म्हण इथे उलटी व्हायची. दोघे मजेत उडवत असायचे आणि विमान तिसऱ्याचं पडायचं. दुसरा प्रकार आकड्यांच्या योगायोगाचा. साधे रिसीव्हर आलेली लहर आधी 455 किलोहर्ट्झवर उतरवून घेत आणि मग वाचत. आता 23 चॅनलच्या अंतरावरचे दोन ट्रान्समीटर घ्या. 23 गुणिले 20, म्हणजे त्यांच्यातला फरक 460 किलोहर्ट्झ. 455 च्या इतका जवळ, की तो फरकच संदेश म्हणून रिसीव्हरमध्ये शिरायचा. दोनदा उतरवणारे रिसीव्हर आले तेव्हा हा त्रास संपला.

त्या काळात लहरीत व्यत्यय आला तर दिसायचा तरी. विमान हवेतच अंग झटकल्यासारखं दचकायचं. त्याला ग्लिच म्हणत. दोन ग्लिच दिसले की शहाणा माणूस विमान उतरवायचा. पुढे पीसीएम नावाची पद्धत आली. तिचा रिसीव्हर बिघडलेला संदेश फेकून द्यायचा आणि शेवटचा चांगला संदेश धरून ठेवायचा. विमान दचकेनासं झालं, पण धोक्याची घंटाही गेली. सगळं सुरळीत दिसत असताना अचानक रिसीव्हर कायमचा हट्टाला पेटायचा.

एका सुरावरून दुसऱ्या सुरावर

या सगळ्यावरचा उतारा दुसऱ्या महायुद्धातच कागदावर उतरला होता. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथेल यांना 1942 मध्ये एक पेटंट मिळालं. पाणतीराला रेडिओने वाट दाखवायची, पण लहर एकाच जागी ठेवायची नाही. पाठवणारा आणि ऐकणारा दोघांनी ठरलेल्या क्रमाने उड्या मारत राहायचं. क्रम धरून ठेवायला आपोआप वाजणाऱ्या पियानोची भोकं पाडलेली पट्टी, आणि पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे 88 जागा. शत्रूने एका जागी गोंगाट केला तरी बिघडून बिघडणार किती, एक सूर!

2005 च्या सुमारास याच जातीची कल्पना छंदाच्या सेटमध्ये 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरली. काही सेट उड्या मारतात, काही लहर रुंद पसरवतात, बरेच दोन्ही करतात. शिवाय प्रत्येक ट्रान्समीटरला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. रिसीव्हर एकदा त्याच्याशी 'बाइंड' केला, की तो दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही. भारतातही 2.4 गिगाहर्ट्झचा हा पट्टा 2005 पासून परवान्याविना वापरता येतो. वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळी मंडळी याच चाळीत राहतात, पण उड्या मारणाऱ्या सेटचे शंभरातले दहावीस संदेश गर्दीत हरवले तरी उरलेले पुरतात. सेकंदाला पन्नासएक संदेश जात असताना एखादा चुकला तर विमानाला पत्ताही लागत नाही.

चिमट्यांच्या फळ्या अडगळीत गेल्या. आता विमानं पडायची थांबतील असं वाटलं होतं. ती पडतच राहिली, आणि मैदानावरचं वाक्यही तेच राहिलं.

100 मिलिवॅटचा प्रवास

सिग्नलकडे किती पुंजी असते ते एकदा मोजू. छंदाचा ट्रान्समीटर साधारण 100 मिलिवॅट शक्ती बाहेर टाकतो. मोकळ्या हवेत किलोमीटरभर गेल्यावर रिसीव्हरच्या अँटेनाला त्यातला किती भाग मिळतो? सुमारे एका वॅटचा शंभर अब्जावा भाग. अभियांत्रिकीच्या भाषेत उणे 80 डीबीएम. हे ऐकून काळजाचा ठोका चुकतो, पण चांगला रिसीव्हर उणे 100 च्या आसपासचंही ऐकू शकतो. अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल जातात. म्हणजे 20 डेसिबलची शिल्लक असताना अंतर दहापट वाढवता येतं. छंदातलं विमान तर बहुधा तीनशे-चारशे मीटरच्या आतच असतं, कारण त्यापुढे ते कुठल्या बाजूला कललंय हेच डोळ्याला कळत नाही. म्हणजे डोळ्याची मर्यादा आधी येते, रेडिओची नंतर.

मग ही भरपूर शिल्लक जाते कुठे? बऱ्याचदा अँटेनावर. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, तिचा पाव भाग सुमारे 31 मिलिमीटर. रिसीव्हरमधून बाहेर येणारी बारीक काळी वायर हातभर लांब असली, तरी ऐकायचं काम तिच्या टोकाचा 31 मिलिमीटरचा उघडा तुकडाच करतो. बाकीची वायर नुसती वाहतूक. हा तुकडा सर्वोच्या, म्हणजे पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या, दांडीत अडकून तुटला, किंवा कुणी 'जास्तीची' म्हणून छाटली, तरी जवळून सगळं चालतं. लांब गेल्यावर मात्र कान गेलेला असतो.

सरळ अँटेना स्वतःच्या टोकाच्या दिशेला जवळजवळ बहिरी असते. म्हणूनच ट्रान्समीटरची अँटेना भाल्यासारखी विमानावर रोखायची नसते. ती आडवी धरायची. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात लावतात ते याचसाठी. एकीचं टोक तुमच्याकडे वळलं तर दुसरीची कूस तुमच्याकडे असते. आणि या लहरींना आडोसा लवकर लागतो. कार्बन फायबर वीज वाहतो, म्हणून त्याच्या फ्यूजलाजमध्ये, म्हणजे विमानाच्या धडात, अँटेना बंद केली तर ती डब्यात कोंडल्यासारखी होते. बॅटरी, मोटर, ओली झाडं, तुमच्यापुढे येऊन उभा राहिलेला उत्साही पाहुणा, सगळे आडोसेच. माणूस हा पुष्कळसा पाणीच आहे, आणि पाणी 2.4 गिगाहर्ट्झ आवडीने पितं.

जमिनीचंही एक गणित आहे. लहर सुतासारखी सरळ रेषेत येत नाही. तिला मधोमध फुगलेली, लांबट काकडीच्या आकाराची जागा मोकळी लागते. 500 मीटर अंतरावर तिच्या पोटाची त्रिज्या सुमारे 4 मीटर भरते. लांबवर अगदी खाली उडणाऱ्या विमानाची काकडी जमिनीत रुतते. उंचावर चारशे मीटरवर खुशाल फिरणारं विमान तेवढ्याच अंतरावर उतरायला लागल्यावर का कुरकुरतं, ते यावरून कळतं.

आणि टॉवर? त्यालाही न्याय द्यायला हवा. आपल्याकडे 4जीचा एक पट्टा 2300 ते 2400 मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे आपल्या पट्ट्याला थेट भिंतीला भिंत लावून. टॉवरच्या अगदी पायथ्याशी उभं राहिलं, तर स्वस्त रिसीव्हरचे कान शेजारच्या आवाजाने बधिर होऊ शकतात. पण हे तपासता येतं. टॉवरजवळ एकदा आणि एक किलोमीटर लांब एकदा, त्याच विमानाची त्याच पद्धतीने रेंज मोजा. फरक पडला तर टॉवर दोषी. मी फरक मोजला. पडला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

काखेत कळसा

मग मी विमानाच्या आत पाहिलं. आत गोंगाट करणारेही असतात आणि उपाशी ठेवणारेही.

गोंगाट करणाऱ्यांत जुनी ब्रश मोटर पहिली. तिच्या ब्रशवर सतत बारीक ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी हा एक लहानसा रेडिओ ट्रान्समीटर. म्हणून तिच्या टोकांना आणि पत्र्याला 0.1 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर डाखलेले असतात. पेट्रोल इंजिनाचा स्पार्क त्याहून दांडगा. इग्निशन आणि रिसीव्हर यांच्यात फूटभर अंतर ठेवतात, स्पार्क प्लगला रोध असलेली टोपी लावतात. जुन्या 35 आणि 72 मेगाहर्ट्झच्या सेटना तर धातूला घासणारा धातूही छळायचा. थ्रॉटलच्या लोखंडी दांडीत लोखंडी क्लेव्हिस, म्हणजे जोडणीची कडी, सैल बसली, की इंजिनाच्या थरथरीने तिथे खरखर सुरू. नायलॉनची क्लेव्हिस लावली की शांतता. 2.4 वर या खरखरीचा उपद्रव फारच कमी आहे. आज त्या जागी कॅमेऱ्याचा व्हिडिओ ट्रान्समीटर आला आहे: रिसीव्हरला खेटून लावला, तर पट्टा वेगळा असूनही तो त्याला बधिर करतो.

उपाशी ठेवणारे जास्त घातकी. विजेच्या विमानात मोटर चालवणारा ईएससी नावाचा डबा असतो. त्यातच बीईसी नावाचं सर्किट असतं; ते मोठ्या बॅटरीचा दाब 5 व्होल्टवर आणून रिसीव्हर आणि सर्वोंना पुरवतं. म्हणजे मेंदू आणि स्नायू एकाच ताटात जेवतात. साधे सर्वो हळू हलले तर कमी खातात. पण डिजिटल सर्वो अडला, तर एकटा एकदोन अँपिअर सहज ओढतो. चार सर्वोंनी एकदम घास घेतला की 5 व्होल्टचे क्षणभर चार होतात, साडेतीन होतात, आणि रिसीव्हरची शुद्ध हरपते. याला ब्राउनआउट म्हणतात. जुने सेट अशा वेळी दचकून पुन्हा कामाला लागायचे. 2.4 चा रिसीव्हर हा छोटा संगणकच असतो. तो पुन्हा सुरू होतो, आपला ट्रान्समीटर शोधतो, ओळख पटवतो. सुरुवातीच्या काही सेटना या सोपस्काराला कित्येक सेकंद लागत. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर. तीन सेकंदांत विमान 60 मीटर गेलेलं असतं, आणि उतरताना 60 मीटरची उंची कुणाजवळ असते? पुढच्या रिसीव्हरांनी हा वेळ पुष्कळ खाली आणला. पण तोवर नव्या तंत्राच्या नावाने 'सिग्नल धरत नाही' अशी बोंब झाली होती. मुळात तो भुकेचा प्रश्न होता, लहरींचा नव्हताच.

जोडण्याही उपाशी ठेवतात. सतत काढघाल करून सैल झालेला कनेक्टर, थरथरीने झिजलेला स्विच, जुन्या निकेल-कॅडमिअम पॅकची आतून काळी पडलेली ऋण वायर. आपल्या कोकणात खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस ही कामं फुकट करून देतात. पावसाळा माळ्यावर काढलेलं विमान दिवाळीत थेट हवेत नेऊ नये.

जे सिग्नल नव्हतंच

आणखी एक संशयित असा आहे, की त्याचं नाव घ्यायला धैर्य लागतं. आपण स्वतः.

विमानाचा वेग फार कमी झाला की पंखांवरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल कोसळते. याला स्टॉल म्हणतात. तेव्हा विमान नाक खाली घालतं, एका बाजूला लोळतं, आणि स्टिक मागे ओढली तरी वर येत नाही. उलट ओढल्याने स्टॉल वाढतो. जमिनीवरून पाहणाऱ्याला काय दिसतं? स्टिक पूर्ण मागे आणि विमान खाली. सिग्नल गेल्याचं याहून हुबेहूब सोंग दुसरं नाही. आणि हे बहुतेक वेळा कुठे घडतं? उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणात. दुसरी गफलत दिशेची. विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना उजवं-डावं उलटं होतं. लांबवर काळी आकृती आपल्याकडे येतेय की दूर जातेय हे चुकलं, तर प्रत्येक दुरुस्ती विमानाला आणखी खड्ड्यात घालते. सर्वोचा दात तुटणं, दांडीचा स्क्रू निघणं हेही याच यादीतलं. रेडिओ आपलं काम चोख करत असतो, पात्यापर्यंत हुकूम पोचत नाही.

पंचनामा

तेव्हा विमान पडल्यावर काय करावं? पहिली गोष्ट, धावत जाऊन बॅटरी उपसू नये, आधी पाहावं. अपवाद एकच: लिपो बॅटरी फुगली असेल, धूर येत असेल किंवा प्रॉप फिरू शकत असेल, तर ती आधी लांब करावी. बाकी वेळी रिसीव्हरचा दिवा वाचावा. काही रिसीव्हर मधे वीज गेली असेल तर लुकलुकत राहून तसं सांगतात, आणि बॅटरी काढली की ही साक्ष पुसली जाते.

मग शेवटचे पाच सेकंद आठवावेत, पाहणाऱ्यांनाही विचारावेत. मोटर थांबली की चालूच होती? पाती ठरलेल्या जागी आली, की होती तिथेच थिजली? पाती फेलसेफला, म्हणजे सिग्नल गेल्यास जायला आधी ठरवून ठेवलेल्या जागी, गेली असतील, तर रिसीव्हर जिवंत होता आणि त्याला नुसतं ऐकू आलं नाही, शोध अँटेनाकडे. होती तिथेच थिजली, आणि फेलसेफ शेवटचा हुकूम धरून ठेवायचा लावलेला नसेल, तर रिसीव्हरच मेला असणार; शोध विजेकडे. एका ठरावीक कलात, दर वेळी त्याच वळणावर गोंधळ होत असेल, तर कुठला तरी आडोसा अँटेनासमोर येतोय. अंतराबरोबर हळूहळू वाढत गेलेली कुरकुर असेल, तर शिल्लक संपतेय. आणि विमान पडेपर्यंत मोटर तुमचं ऐकत होती, तर सिग्नलचं नाव काढू नये.

आजच्या सेटमध्ये टेलिमेट्री असते; विमान स्वतःच आपली तब्येत खाली कळवतं. त्यात दोन आकडे महत्त्वाचे: सिग्नलची ताकद आणि रिसीव्हरला मिळालेला सर्वांत कमी व्होल्टेज. काही सेट हरवलेले संदेशही मोजून ठेवतात. अशाच एका पद्धतीत 22 मिलिसेकंदांचा एक संदेश धरला, तर सलग 45 हरवले की त्याला 'होल्ड' म्हणतात. म्हणजे सेकंदभर विमान निराधार होतं. एकही होल्ड झाला असेल, तर कारण सापडेपर्यंत पुढचं उड्डाण नाही.

टेलिमेट्री नसली तरी रेंज चेक आहेच. जवळजवळ सगळ्या ट्रान्समीटरमध्ये शक्ती मुद्दाम कमी करण्याची सोय असते. ती लावून तीसएक पावलं लांब जायचं. मदतनिसाने विमान हातात धरून सगळ्या बाजूंनी फिरवायचं. एखाद्या बाजूला सर्वो अडखळले तर अँटेनाची जागा चुकली. मग हीच परीक्षा मोटर पूर्ण वेगाने चालवून, विमान घट्ट धरून. मोटर बंद असताना पास आणि चालू असताना नापास, तर गोंगाट किंवा वीज, दोन्हींतलं एक. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रिसीव्हर, बॅटरी, ईएससी तिन्ही एकदम बदलून विमान सुधारलं, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. चांगले दोन भाग कचऱ्यात जातात आणि वाईट भाग, नशीब फुटकं असेल तर, सुट्या भागांच्या डब्यात परत.

माझं विमान या सगळ्या परीक्षांत पहिल्या वर्गात पास झालं. टेबलावर पास, अंगणात पास. तीन संध्याकाळी गेल्या. टॉवरवरचा राग पुन्हा उफाळून यायला लागला होता. मग एका गोष्टीकडे लक्ष गेलं: मी परीक्षा घ्यायचो ती दोन मिनिटांची, आणि विमान पडलं होतं आठव्या मिनिटाला.

त्या मोसमात मी साधे सर्वो काढून धातूच्या दात्यांचे चार डिजिटल सर्वो बसवले होते. बीईसी जुनाच, लिनिअर जातीचा. हा बीईसी जास्तीचा दाब उष्णतेत जाळतो. तीन सेलची लिपो 11.1 व्होल्टची, त्याचे 5 करायचे म्हणजे 6.1 व्होल्ट जाळायचे. सर्वोंनी सरासरी एक अँपिअर घेतला तरी 6 वॅटची उष्णता, आणि ती नखाएवढ्या दोन-तीन चिप्समध्ये. वर मी ईएससी हलू नये म्हणून फोमच्या कप्प्यात गच्च बसवलेला. त्याला वाराच नव्हता. अशा चिप्स फार तापल्या की स्वतःला वाचवायला वीज बंद करतात, आणि थोड्या निवल्या की पुन्हा चालू करतात.

टेबलावर मीटर लावला, प्रॉप काढला आणि दोन्ही स्टिक आठ मिनिटं सतत फिरवत राहिलो. सातवं मिनिट संपता संपता सगळी पाती एकदम थिजली. ईएससीला हात लावला तर चटका बसला. मीटरवर शून्य. मी काही न करता बसून राहिलो. दीडएक मिनिटाने रिसीव्हरचा दिवा आपोआप लागला आणि पाती पुन्हा निमूटपणे हलायला लागली.

माळावर दोनशे पावलं चालायला मला तेवढाच वेळ लागला होता. विमान हातात घेतल्यावर सगळं चालतंय, हा माझा टॉवरविरुद्धचा पुरावा होता. तोच खरा पुरावा बीईसीविरुद्ध निघाला. मी तो वाचला उलटा.

आता त्या विमानात उष्णता न जाळणारा स्विचिंग जातीचा वेगळा बीईसी आहे आणि फ्यूजलाजला हवा शिरायला एक आणि बाहेर पडायला एक अशी दोन भोकं आहेत. फेलसेफही नव्याने लावला. सिग्नल गेलाच तर मोटर बंद आणि रडर थोडं उजवीकडे, म्हणजे विमान मैदानातच घिरट्या घालत खाली येईल. शिवाय तिरपं रडर दिसलं की खालून कळेल, की रिसीव्हर जिवंत आहे. प्रॉप काढून, ट्रान्समीटर बंद करून हे प्रत्यक्ष पाहून घ्यायला अर्धं मिनिट लागतं.

परवा त्याच माळावर एका मुलाचं मोटर असलेलं ग्लायडर शेवटच्या वळणात लोळलं. मंडळींनी टॉवरकडे बोट दाखवलं. मुलगा धावत निघाला होता. त्याला थांबवून मी विचारलं, पडताना मोटर चालू होती का? तो जरा थांबला, डोळे मिटून आवाज आठवला आणि म्हणाला, "हो काका, पूर्ण चालू होती. आणि मी बंद केली तेव्हा बंदही झाली."